सहा सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर आणि परतीची तार

वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागांत पाण्याचा हिशेब आता नुसत्या अंदाजावर भागत नाही. झाडाला फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी बंद ठेवतात, तो ताण. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत, मृग बहाराचा मे महिन्यात. ताण तोडायची, म्हणजे पुन्हा पाणी सोडायची वेळ आली की विहिरीत किती पाणी आहे, शेततळ्यात किती उरलं, वाळूचा फिल्टर चोंदला का, हे तेव्हाच्या तेव्हा कळायला हवं. त्यात थ्री फेज लाइन रात्री आली तर अंधारात धुऱ्याधुऱ्यानं विहिरीपर्यंत जाऊन दोर टाकून पाणी मोजणं धोक्याचं. म्हणून आयटीआय किंवा पॉलिटेक्निक शिकलेली गावातली मुलं आता मोटारीच्या खोलीतच ईएसपी ३२ किंवा अर्डुइनोसारखा एखादा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सेन्सर वाचणारा छोटा संगणक, बसवतात आणि आकडे मोबाइलवर घेतात. हे काम मला फार मोलाचं वाटतं. ते अर्धवट राहू नये, म्हणून हा लेख.

एक सेन्सर बहुतेकांना पहिल्या दिवशीच जोडता येतो. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या सेन्सरपासून सुरू होते आणि सहाव्यापर्यंत आकडे नाचायला लागतात. एका बागेत सहा सेन्सर सहज लागतात: विहिरीची पातळी, शेततळ्याची पातळी, टाकीची पातळी, फिल्टरच्या आधीचा दाब, फिल्टरच्या नंतरचा दाब आणि मुख्य पाइपावरचा फ्लो मीटर. कारखान्याच्या दर्जाचे असे सेन्सर बहुधा ४ ते २० मिलिअँपिअरचे असतात. ते व्होल्ट पाठवत नाहीत, करंट पाठवतात.

करंटच का पाठवायचा

गळती नसलेल्या पाइपात एका तोंडानं जेवढं पाणी शिरतं तेवढंच दुसऱ्या तोंडानं बाहेर पडतं, पाइप पन्नास मीटरचा असो की पाचशे. करंटचंही तसंच. एकाच बंद वाटेनं वाहणारा करंट त्या वाटेवर सगळीकडे सारखा असतो, म्हणून तारेची लांबी माप बिघडवत नाही. विहीर मोटारीच्या खोलीपासून ४०० मीटरवर आहे असं धरा. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन ८०० मीटर झाली की तिचा रोध साधारण ३० ओहम भरतो. तरी सेन्सरनं १२ मिलिअँपिअर सोडले तर खोलीत १२ मिलिअँपिअरच येतात.

व्होल्ट पाठवणाऱ्या स्वस्त सेन्सरचं असं नसतं. त्याला चालवणारा करंट ग्राउंडच्याच तारेनं परत येतो, त्या तारेवर थोडे व्होल्ट पडतात आणि तेवढं माप सरळ चुकतं. शिवाय शेजारून मोटारीची केबल गेली असेल तर स्टार्टरचा प्रत्येक दणका आकड्यात उमटतो. दोन-चार मीटरवर तो सेन्सर चालून जाईल, पण वावराच्या पल्ल्यावर मी तो सुचवणार नाही.

सुरुवात शून्याऐवजी ४ मिलिअँपिअरपासून का, याला दोन कारणं आहेत. दोन तारांचा सेन्सर स्वतः याच करंटवर जगतो. विहीर कोरडी असली तरी त्याच्या आतलं सर्किट चालू राहायला काहीतरी मिळालं पाहिजे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. करंट शून्य झाला तर विहीर आटलेली नाही, तार तुटली आहे, हे लगेच कळतं. ही युक्ती विजेच्या संकेतांच्याही आधीची आहे. त्या काळी कारखान्यांत हवेच्या दाबानं संकेत पाठवत, ३ ते १५ पीएसआय. तिथेही तळ शून्यावर नव्हता आणि तळाचं वरच्या टोकाशी प्रमाण तेच होतं, एकास पाच. प्रक्रिया उद्योगांच्या नामुर या संघटनेची एनई ४३ नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर म्हणजे खरं माप, ३.६ किंवा त्याखाली, नाहीतर २१ किंवा त्यावर गेलं तर बिघाड.

करंटचे व्होल्ट करणारा रेझिस्टर

मायक्रोकंट्रोलरला करंट मोजता येत नाही, व्होल्ट मोजता येतात. म्हणून लूपमध्ये, म्हणजे करंटच्या या बंद वाटेत, एक रेझिस्टर टाकायचा आणि त्याच्या दोन टोकांमधले व्होल्ट वाचायचे. जुन्या पुस्तकांत २५० ओहम दिलेला असतो. त्यावर १ ते ५ व्होल्ट मिळतात, ५ व्होल्टच्या अर्डुइनोला ते जेमतेम बसतात, पण ३.३ व्होल्टच्या ईएसपी ३२ ची पिन त्यानं जाईल. मी १०० ओहम वापरतो. ४ मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट, २० ला २ व्होल्ट. हिशेब तोंडी होतो आणि वर बिघाड ओळखण्यापुरती जागा उरते.

विहिरीतला सेन्सर ० ते १० मीटरचा असेल आणि रेझिस्टरवर १.१२ व्होल्ट दिसत असतील, तर करंट ११.२ मिलिअँपिअर. त्यातून तळाचे ४ वजा केले की ७.२ उरले. पूर्ण पल्ला १६ चा, म्हणून ७.२ भागिले १६, गुणिले १०. सेन्सरच्या वर साडेचार मीटर पाणी आहे.

रेझिस्टर ०.१ टक्क्याचा मेटल फिल्म घ्या, तापमानाच्या दर अंशाला २५ पीपीएमपेक्षा (दहा लाखांत २५ भागांपेक्षा) जास्त न बदलणारा. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे दहा अंश असतात आणि मे महिन्यात बाहेर ४५, तर पत्र्याच्या पेटीत ६०. त्या पन्नास अंशांच्या फरकात असा रेझिस्टर फार तर ०.१२५ टक्के हलतो. दुकानात सुटा मिळणारा पाच टक्क्यांचा कार्बन रेझिस्टर याच्या कितीतरी पट हलतो आणि मग उन्हाळ्यात पाणी खरंच उतरलं की पेटी तापली, ते कळत नाही.

त्याची जागा मात्र पक्की लक्षात ठेवा. २४ व्होल्टचा प्लस आधी सेन्सरला जातो, सेन्सरचा मायनस रेझिस्टरला येतो, आणि रेझिस्टरचं दुसरं टोक सप्लायच्या शून्याला. रेझिस्टर असा खालच्या बाजूला असला की पिनवर फक्त दोन व्होल्टपर्यंतच येतात. तोच प्लसच्या बाजूला लावला तर पिनला जवळपास २४ व्होल्ट मिळतात आणि बोर्ड जागीच जळतो.

केबल कुठेतरी चेपून दोन्ही तारा चिकटल्या तर १०० ओहमवर थेट २४ व्होल्ट पडतात, म्हणजे २४० मिलिअँपिअर आणि पावणेसहा वॅट. इवलासा रेझिस्टर कोळसा होईल. म्हणून प्रत्येक लूपच्या प्लसमध्ये ५० मिलिअँपिअरचा पीटीसी फ्यूज हवा. तो तापला की वाट अडवतो आणि थंड झाला की आपोआप मोकळी करतो. त्याचा स्वतःचा रोध माप बिघडवत नाही, कारण करंट सगळीकडे सारखाच. रेझिस्टरपासून पिनपर्यंत जाताना ४.७ किलोओहमचा आणखी एक रेझिस्टर टाका. चुकून २४ व्होल्ट आले तरी पिनमध्ये चार-पाच मिलिअँपिअरपेक्षा जास्त शिरत नाही.

आता सहा एकदम

इथे गावात हमखास येणारा प्रश्न असा: "भाऊ, एवढ्या तारा काहून ओढता? एकाच तारीवर सारे सेन्सर नाई बसत का?"

नाही बसत. एकामागे एक जोडले तर वाट एकच, आणि एका वाटेवर करंट एकच. विहीर १२ म्हणते आणि टाकी ७, तर त्या तारेनं कोणाचं ऐकायचं? शेजारी-शेजारी जोडून एकाच रेझिस्टरवर आणले तर सगळ्यांची बेरीज येते. प्रत्येक सेन्सरला स्वतःची जोडी आणि स्वतःचा रेझिस्टर लागतोच. सामाईक चालतो तो २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे आपला सप्लाय. सहा लूप जास्तीत जास्त १२० मिलिअँपिअर ओढतात, एक अँपिअरचा एसएमपीएस भरपूर झाला.

सामाईक होणारी दुसरी गोष्ट म्हणजे शून्याची वाट, म्हणजे ग्राउंड. अनेक सेन्सरांच्या जोडणीतला सगळा अवघडपणा मला इथेच दिसतो. प्लसची तार सगळे जपून ओढतात. परतीची तार मात्र "शेवटी ग्राउंडच तर आहे" म्हणून जिथे सापडेल तिथे जोडली जाते. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर, तिथून रिले बोर्डवर, तिथून सिमकार्डवाल्या मॉड्यूलवर आणि शेवटी मायक्रोकंट्रोलरवर.

यानं काय होतं ते आकड्यांत पाहू. सिमकार्डवालं टूजी जीएसएम मॉड्यूल संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं. तो करंट ज्या तारेनं परतला तिचा आणि तिच्या ढिल्या स्क्रूचा मिळून रोध फक्त ०.२ ओहम असला, तरी तिच्यावर ०.४ व्होल्ट पडले. त्याच तारेच्या एका टोकाला सेन्सरांचे रेझिस्टर आणि दुसऱ्या टोकाला मोजणारी चिप असेल, तर चिपला सहाही सेन्सर ०.४ व्होल्टनं सरकलेले दिसतील. आपला पूर्ण पल्ला १.६ व्होल्टचा, म्हणजे २५ टक्के चूक. दहा मीटरच्या विहिरीत अडीच मीटर पाणी एका मेसेजसरशी वरखाली. सेन्सर चांगला, प्रोग्राम बरोबर, तरी आकडा खोटा. लोक अशा वेळी सेन्सर बदलतात आणि हजारो रुपये घालवतात.

उपाय साधा आहे, पण जोडतानाच करावा लागतो. सहाही रेझिस्टर एकाच छोट्या बोर्डवर, मोजणाऱ्या चिपच्या अगदी जवळ बसवा. त्यांची खालची टोकं जाड तांब्याच्या एका पट्टीवर आणा आणि चिपचा ग्राउंडही त्याच पट्टीवरून घ्या. या पट्टीपासून एसएमपीएसच्या शून्याला एक तार. जीएसएम मॉड्यूल, रिले, बझर यांच्या परतीच्या तारा थेट एसएमपीएसपर्यंत वेगळ्या न्या. त्यांचा करंट या पट्टीवरून वाहता कामा नये. मोजमाप आणि जड करंट यांच्या वाटा एकाच बिंदूला भेटू द्या, मध्ये कुठेही नको.

मोजणारी चिप

ईएसपी ३२ मध्ये व्होल्टचे आकडे करणारी स्वतःची एडीसी आहे आणि तिच्यावरच काम भागवायचा मोह होतो. पण ती दोन्ही टोकांना सरळ रेषेत मोजत नाही, आणि तिचा दुसरा गट वाय-फाय चालू असताना भरवशाचा राहत नाही. पहिल्या गटाच्या पिन, म्हणजे ३२ ते ३९ या क्रमांकांतल्या, वापरता येतात. तरी माझं मत एडीएस १११५ या चिपच्या बाजूनं आहे. ती १६ बिटांची आहे, तिला चार वाहिन्या आहेत, आणि दोन तारांच्या आयटूसी मार्गावर चार वेगवेगळ्या पत्त्यांनी अशा चार चिप बसतात. म्हणजे १६ सेन्सरांची सोय. सहासाठी दोन पुरतात आणि दोन वाहिन्या उद्याच्या बोअरसाठी मोकळ्या राहतात. ४.०९६ व्होल्टच्या पल्ल्यावर तिची एक पायरी १२५ मायक्रोव्होल्टची, आपल्या १.६ व्होल्टमध्ये १२,८०० पायऱ्या बसतात. दहा मीटरच्या विहिरीत ही पायरी एका मिलिमीटरहूनही लहान.

काही जण ४०५१ हा मल्टिप्लेक्सर लावून एकाच पिनवर आठ सेन्सर आळीपाळीनं वाचतात. चालतं, पण त्यातून करंट फिरवायचा नाही, फक्त रेझिस्टरवरचे व्होल्ट फिरवायचे. करंटचीच वाट बदलत राहिलात तर ज्याची पाळी नाही त्या सेन्सरचा लूप तुटतो, तो बंद पडतो आणि पाळी आली की पुन्हा पहिल्यापासून जागा होतो. व्होल्ट फिरवताना मल्टिप्लेक्सरचा आतला रोध आड येत नाही, कारण पिन जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वाहिनी बदलल्यावर पहिलं वाचन मात्र टाकून द्या. या चिपची एक खोड माहीत असावी. एका वाहिनीवर तिच्या सप्लायपेक्षा जास्त व्होल्ट आले की शेजारच्या वाहिन्यांचे आकडेही बिघडतात. बिघाड एका सेन्सरचा आणि बोंब आठांची.

फ्लो मीटर वेगळ्या जातीचा

वरचं सगळं दोन तारांच्या सेन्सरांना लागू पडतं. इलेक्ट्रोमॅग्नेटिक फ्लो मीटर बहुधा चार तारांचा असतो: दोन तारा त्याच्या स्वतःच्या विजेच्या, दोन संकेताच्या. ज्याचं आउटपुट स्वतःच करंट सोडतं, त्याला आपले २४ व्होल्ट द्यायचे नाहीत. त्याचा प्लस थेट आपल्या रेझिस्टरच्या वरच्या टोकाला आणि मायनस पट्टीला. आउटपुट स्वतः सोडणारं आहे की बाहेरून मागणारं, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय तार लावू नका.

त्याचा मायनस आतून त्याच्या अर्थिंगला जोडलेला असेल, तर आपलं अर्थिंग आणि त्याचं अर्थिंग अशी दोन टोकं तयार होतात. दोघांत थोडा जरी फरक असला तरी नको तो करंट फिरायला लागतो. अशा ठिकाणी एक लूप आयसोलेटर घ्या. तो करंटची हुबेहूब नक्कल पलीकडे देतो, पण दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध तोडतो. मोटारीच्या खोलीत, डीपीच्या जवळ, हा खर्च मी टाळणार नाही.

काळी जमीन, ऊन आणि वीज

आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडते. नुसती पुरलेली केबल त्या ओढीनं तुटते. ती एचडीपीई पाइपातून, नांगराच्या खूप खाली आणि थोडी सैल न्या. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर आत घर करतात. केबल पीळ दिलेल्या जोडीची, शिल्डवाली असावी आणि शिल्ड फक्त पेटीच्या टोकाला अर्थ करावी. मोटारीच्या केबलपासून फूटभर अंतर राखा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईभोवतीची काळी माती आकसून सुटते आणि अर्थ नावापुरता उरतो. नेमकी तेव्हाच, मृगाच्या आधीच्या वादळांत, वीज कडाडते. लांब केबलच्या दोन्ही टोकांना गॅस ट्यूब आणि टीव्हीएस डायोड असलेला सर्ज अरेस्टर लावा, आणि अर्थच्या खड्ड्यात मे महिन्यात पाणी घालत राहा. वीज अगदी जवळ पडली तर काहीच वाचणार नाही, पण दूरवरच्या कडकडाटानं जाणारे बोर्ड यानं पुष्कळ वाचतात.

पाण्यात सोडायच्या सेन्सरच्या केबलमध्ये हवेची एक बारीक नळी असते. ती वातावरणाचा दाब वजा करण्यासाठी असते. जॉइंटवर टेप गुंडाळून ती बंद केली तर हवामान बदललं की पाणी बदललेलं दिसतं. एक किलोपास्कलला जवळजवळ दहा सेंटिमीटर. तिचं तोंड कोरड्या पेटीत उघडं राहू द्या.

सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर लूप चालवणाऱ्यांनी हा हिशेब करावा. सेन्सरला स्वतःला बहुधा १० ते १२ व्होल्ट लागतात. वर १०० ओहमवर २० मिलिअँपिअरला २ व्होल्ट, तारेत ०.६, फ्यूजमध्ये थोडे. बारातून हे निघत नाही. घात असा की पाणी कमी असताना करंट कमी, म्हणून सगळं ठीक दिसतं. पावसाळ्यात विहीर भरत जाते आणि आकडा मध्येच कुठेतरी अडकून बसतो. बॅटरीपुढे २४ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर लावला की हा प्रश्न सुटतो.

प्रोग्रामबद्दल थोडंच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक फेरा २० मिलिसेकंदांचा. अशा पूर्ण फेऱ्यांवर सरासरी काढली की मोटारीची भुणभुण बरीच वजा होते. आणि ३.६ मिलिअँपिअरखालचा आकडा शून्य मीटर म्हणून कधीच दाखवू नका. "तार तपासा" असंच दाखवा. तुटलेल्या तारेला आटलेली विहीर समजून कोणी मोटार बंद ठेवली तर ताण तोडायची रात्र हातची जाते.

पेटी बंद करण्याआधी मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून प्रत्येक रेझिस्टरवरचे व्होल्ट पाहा आणि मोबाइलवरच्या आकड्याशी ताडा. यासाठी लूप तोडावा लागत नाही. मग जीएसएमवरून मेसेज सोडत, रिले चालू-बंद करत, मोटार सुरू करत आकडे पाहत राहा. शेवटी एकेका सेन्सरची तार टर्मिनलमधून काढा. त्या एकाच ओळीवर "तार तपासा" यायला हवं आणि बाकीचे पाच आकडे जागचे हलायला नकोत. हलले, तर पेटीत अजून कुठेतरी दोन वाटा एकच परतीची तार वापरत आहेत. ती शोधून वेगळी करा, मगच झाकण लावा.